थोरलीचा खराखुरा हेवा

हे अंतर्यामी नारायणा, तू माणसाला हाडे दिलीस, रक्त दिलेस, आणि त्या सर्वांवर कडी करून एक मन दिलेस. ते कुणाच्या हाती लागत नाही, आणि त्याच्या हुकमाशिवाय हातही हलत नाही. त्या मनात तू माया पेरलीस, दया पेरलीस, आणि वाफ्याच्या कडेला काटेरी रोप लावावे तशी असूयाही पेरलीस. आम्ही तुझ्यापुढे उभे राहिलो की नेहमी एकच मागतो: देवा, एवढा काटा तेवढा उपटून ने. आज ज्या बाईचे चरित्र सांगायला बसलो आहे, तिचे मागणे मात्र उलटे होते. ती म्हणे, देवा, माझा हेवा माझ्यापाशी राहू दे. पण तो हेवाच आहे, दुसरे काही नाही, एवढे माझ्या घरच्यांना कळू दे.

सज्जनहो, तुम्हाआम्हाला राग आला की समोरचा रागाला उत्तर देतो. आपण रडलो की कोणी विचारते, काय झाले. ज्या माणसाला कधीकाळी मनाचा आजार झाला, त्याला हे साधे सुख मिळत नाही. घरातल्या सर्वांना राग येतो, त्याला मात्र लक्षण येते.

तिला घरात थोरली म्हणतात. शिंप्याच्या घरची थोरली सून. घराचा रस्त्याकडचा भाग म्हणजे त्यांचा कारखाना: शिलाईच्या मशीन, इस्त्रीचे टेबल, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले कागदी साचे, आणि मधोमध कापड बेतायचे लांबलचक मेज. इतके लांब की त्याचे एक टोक खिडकीला लागते आणि दुसरे मागच्या भिंतीला जाऊन टेकते. या मेजावर कोट बेतले जातात, पडदे बेतले जातात, खुर्च्यांची आवरणे बेतली जातात. मालक म्हणजे थोरलीचे सासरे. त्यांना सारी गल्ली मास्तर म्हणते. थोरलीचा नवरा मशीनवर बसतो. धाकटा दीर गिऱ्हाइकांकडे जाऊन मापे घेतो आणि शिडीवर चढून पडदे लावतो. आणि धाकटी, म्हणजे थोरलीची जाऊ, जिच्यापायी हे सारे घडले.

या घराची रीत अशी: शिवायचे सगळ्यांनी, बेतायचे एकानेच. मोठी कात्री एकाच हाताची. मास्तर म्हणत, कात्रीची पाती बेतणाऱ्याच्या हाताचे वळण घेतात. दुसऱ्याने चालवली की ती रुसतात. मास्तरांचा हात थरथरू लागला तेव्हा दोन्ही मुलगे आशेने मेजापाशी उभे होते. मास्तरांनी कात्री दिली ती थोरल्या सुनेला.

"मुलांना कापड दिसतं," ते म्हणाले, "हिला अंगावरचा कोट दिसतो."

तेव्हापासून खिडकीकडचे टोक तिचे. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कात्रीच्या कडीने घट्टा पडला, कवडीएवढा, पिवळसर, कठीण. एखादी बाई अंगठी मिरवते तशी ती तो घट्टा मिरवी. गल्लीत तिचे नाव पडले कात्रीवाल्या बाई.

मग एका वर्षी तिचे मन आजारी पडले. झोप उडाली. मशीनच्या खडखडाटातून तिला शब्द ऐकू येऊ लागले, आणि ते शब्द तिच्याविषयी वाईट बोलत. तिने जेवण टाकले, बोलणे टाकले. तिला दवाखान्यात ठेवावे लागले, औषधोपचार झाले, शब्द हळूहळू विरले, झोप परतली, आणि ती बरी होऊन घरी आली. आजार खरा होता, औषध खरे होते, बरे होणेही खरे होते. सारा घोटाळा झाला तो यानंतर.

ती आली तेव्हा कात्री मेजावर नव्हती. आजारपणातसुद्धा त्या कात्रीचा कुणाच्या नखाला धक्का लागला नव्हता. पण भीतीला पुरावा लागत नाही. कात्री आधी कपाटावर गेली, आणि कापडाचे गठ्ठे साचू लागले तेव्हा धाकटीच्या हातात आली. थोरलीला दाराकडच्या स्टुलावर बसवले, बटणे लावायला. धागा तोडायलाही पाते नाही. बटण झाले की हात वर करायचा, मग धाकटी मेजावरून येणार, हसून, वाकून, टोकाशी धागा कचकन तोडणार आणि म्हणणार, "झालं, ताई. दमला असाल तर पडा जरा."

गल्लीनेही नाव बदलले. समोरचा इस्त्रीवाला पूर्वी रस्त्यापलीकडून हाक मारून म्हणे, "कात्रीवाल्या बाई, माझ्या आयुष्याचं माप चुकलंय, जरा दुरुस्त करा की." आता तो तिला पाहिले की इस्त्री खाली ठेवी, मान एका बाजूला कलती करी आणि हळू आवाजात विचारी, "बरं वाटतंय ना?" ती गेल्यावर बायकोला म्हणे, "बिचारी." हळूहळू बिचारी हेच तिचे नाव झाले. शिवी दिली असती तर उलट शिवी देता आली असती. बिचारीला उत्तर काय द्यायचे?

आणि म्हणून, सज्जनहो, ती जळू लागली.

सकाळी धाकटी मेजावर कापड पसरी तेव्हा थोरलीची सुई थांबे. ते कापड कसे झटकते, खडू कसा धरते, कोपराने कडा कशी दाबते, हे ती बघत राही. मास्तर मेजाला वळसा घालताना धाकटीच्या पाठीवर थाप देत आणि म्हणत, "भले." या घरात तो शब्द स्वस्त नव्हता. थोरलीला तो मिळवायला वर्षे लागली होती. आता ती स्टुलावर बसून ऐके आणि मनात म्हणे, कशासाठी भले? खांद्याची गोलाई हिने पाट्यासारखी सपाट केली आहे, तिच्यासाठी?

गिऱ्हाईक आत येऊन विचारी, "बेतणाऱ्या बाई कुठे आहेत?" थोरलीची मान आपोआप वर होई, आणि उत्तर मेजाकडून येई, "बोला ना, मीच."

एके दुपारी चहाचा कप पुढे करताना धाकटीचा हात उजेडात आला. अंगठ्याच्या बुडाशी कवडीएवढा पिवळसर डाग. थोरलीने आपला अंगठा चाचपला. तिथली कातडी बाळाच्या गालासारखी मऊ झाली होती. ती त्या रात्री जेवली नाही. भाकरतुकड्याचे भांडण परवडले, पण आपला घट्टा दुसरीच्या हाताला गेलेला पाहणे, याला काय म्हणावे?

ती गप्प बसणारी नव्हती. बोलून बघितले.

"मामंजी, तिने बाही आखूड बेतलीय."

मास्तरांनी बाहीकडे पाहिले नाही. तिच्याकडे पाहिले. "सूनबाई, सकाळची गोळी झाली का?"

"झाली. बाही आखूड आहे."

"हो, हो. बघतो मी. तू शांत राहा."

दुसऱ्या वेळी तिने नवऱ्याला सरळ सांगितले. तो मशीनला तेल देत होता.

"अहो, मला तिचा हेवा वाटतो. सगळा जीव जळतो माझा तिला तिथं उभी बघून."

नवरा तेलाची बाटली हातात घेऊन थिजला. वाईट माणूस नव्हे. तिच्या आजारात त्याने रात्री जागून काढल्या होत्या, आणि ज्याचा हात विस्तवाने पोळला आहे तो काजव्यालाही भितो. "असं कधीपासून वाटतंय?" त्याने विचारले, डॉक्टर विचारतात तसे.

"तुमच्या भावाचं लग्न झालं तेव्हापासून थोडं, आणि तिनं कात्री घेतली तेव्हापासून फार."

तो तिला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी झोप विचारली, जेवण विचारले, आवाज ऐकू येतात का विचारले. सारे ठीक होते. औषध आहे तेच ठेवले. परतताना नवरा हळहळत म्हणाला, "मला त्यांना नीट सांगता आलं नाही बघ."

"काय सांगायचं राहिलं?"

"हेच, की तू हल्ली फार विचित्र बोलतेस."

आणि या साऱ्यात धाकटी गोड. हीच खरी आग. ती एकदाही उलट बोलली नाही. थोरलीने टोमणा मारावा, "आमच्या वेळी खडूची रेघ सरळ असायची," आणि धाकटीने मान डोलवावी, "खरंय ताई." थोरलीने मुद्दाम स्टूल वाटेत सरकवावे आणि धाकटीने मुकाट्याने वळसा घालावा. मेलेल्या माणसाशी कोणी भांडत नाही, तशी सगळी तिच्याशी वागत. जिवंतपणी मिळालेला हा मान तिला सोसत नव्हता.

अशात एक मोठे काम आले. गावातल्या सभागृहाला मंचाचा नवा पडदा हवा होता, गडद लाल मखमलीचा. मखमलीचे जडशीळ तागे आले आणि कारखान्यात लाल संध्याकाळ झाल्यासारखी झाली.

आता या घराची एक काम करण्याची तऱ्हा सांगितली पाहिजे. मेज भिंतीला टेकलेले, खोली अरुंद. पडद्याचे कापड बेतताना तागा दर वेळी खिडकीपर्यंत परत ओढत आणणे जिवावर येई. म्हणून हे लोक जाताना एक पट्टा बेतत, भिंतीपाशी कापड वळवत, आणि येताना दुसरा. नांगर चालावा तसे, जाता एक सरी, येता एक सरी. साध्या सुती कापडाला याने काही होत नाही. पण मखमलीला लव असते. लवेच्या दिशेने हात फिरवला तर मांजराच्या पाठीसारखी मऊ, उलट फिरवला तर खरखरीत. आणि उजेडात एका दिशेची लव काळसर दिसते, दुसऱ्या दिशेची फिकी. मखमल जातायेता बेतायची नसते. दर पट्टा एकाच दिशेने. हे मास्तरांना ठाऊक होते, पण त्यांना आता उजेडाचे फरक दिसत नसत, आणि धाकटीला ठाऊक असेलच असे ते धरून चालले. थोरलीला ठाऊक होते. धाकटीने आजवर मखमल बेतलीच नव्हती.

तिने पहिला पट्टा बेतला. भिंतीपाशी कापड वळवले. दुसरा बेतला.

थोरली पाणी प्यायला उठली होती. मेजाजवळून जाताना तिने दोन पट्ट्यांवरून तळवा फिरवला, सहज, सवयीने. एक मऊ. एक खरखरीत.

तिचा हात तिथेच राहिला. धाकटीने मान वर केली. त्या घरात थोरलीला कोणी कामाचे काही विचारत नसे. त्या दिवशी धाकटीने विचारले. कापड महाग होते, ती घाबरली होती, आणि खरे सांगायचे तर त्या घरात मखमलीबद्दल विचारावे असे दुसरे कोणी नव्हते.

"ताई, बरोबर चाललंय ना?"

नारायणा, तू त्या क्षणी तिच्या जिभेवर बसला असतास तर? पण तू बसला नाहीस. तू माणसाला मोकळे सोडतोस, हाच तुझा मोठेपणा आणि हीच आमची पंचाईत. थोरलीने जावेच्या अंगठ्याकडे पाहिले. तो घट्टा. मग ती गोड हसली, अगदी धाकटीसारखी.

"छान चाललंय," ती म्हणाली. "जाताना एक, येताना एक. अशीच कर."

आणि स्टुलावर येऊन बसली. मागे कात्री चालत होती, मखमलीतून दबक्या आवाजाने, आणि प्रत्येक पट्ट्यासरशी तिच्या जिभेवर साखर विरघळत होती. वेडाने नव्हे, भ्रमाने नव्हे. शुद्धीत, पूर्ण जाणतेपणी, शहाण्या बाईने करावे तसे दुष्ट काम तिने केले.

पडदा उलट बाजूने, लव आत दडवून शिवून झाला, वर पट्टी लागली, खाली किनार दुमडली गेली. धाकट्याने शिडीवर चढून तो सभागृहात टांगला. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी मंचावरचे दिवे लावले, आणि पडद्यावर झेब्रा उभा राहिला: एक पट्टा काळपट, एक फिका, पुन्हा काळपट, पुन्हा फिका.

बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "दोन वेगवेगळी कापडं वापरलीत की काय? माझ्याकडं नाटक आहे, सर्कस नाही."

पडदा उतरवून घरी आला तेव्हा सारे त्याच्याभोवती उभे राहिले, घरातले माणूस पडल्यासारखे. मास्तरांनी डोळे अगदी जवळ नेऊन तळवा फिरवला आणि त्यांना कळले.

"लव," ते म्हणाले. "उलटसुलट बेतलीय." मग ते धाकटीला बोलले. फार बोलले. भर कारखान्यात, नवऱ्यादेखत, सर्वांदेखत. इतके दिवस दिलेले सगळे भले त्यांनी एका दमात परत घेतले. धाकटी खाली मान घालून रडत होती.

थोरलीने ही घटका मनात कितीदा रंगवली होती. ती गोड लागायला हवी होती. पण मास्तरांचा एकेक शब्द धाकटीच्या पाठीवर पडत होता आणि त्यांतला एकही शब्द थोरलीच्या वाट्याला येत नव्हता. ज्याने केले त्याला काहीच नाही. ही शिक्षासुद्धा धाकटीला, हेही तिलाच. तिला त्या बोलण्यांचासुद्धा हेवा वाटला.

ती उठली. "मामंजी, मला माहीत होतं."

"काय?"

"लव उलटी येतेय ते. दुसरा पट्टा पडला तेव्हाच हाताला कळलं. मुद्दाम बोलले नाही."

मास्तरांचा आवाज लगेच खाली आला, दिव्याची वात कमी करावी तसा. "असं बोलू नये, सूनबाई. तुला कसं कळणार? तू आता त्यात डोकं घालू नकोस."

"मला कळलं. मी जळत होते म्हणून गप्प बसले."

नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतरांकडे पाहून म्हणाला, "ही नको ते स्वतःवर ओढून घेते. अपराधी वाटणं हेही त्यातलंच असतं. गोळी घेतलीस ना गं?"

"घेतली," थोरली म्हणाली. "गोळीही घेतली आणि दुष्टपणाही केला. एकाच बाईला दोन्ही जमतं."

तिच्या डोळ्यांदेखत सगळे प्रकरण मिटत चालले होते. गुन्हा कबूल करूनही ज्याला गुन्हेगार म्हणून कोणी घेत नाही, त्याने जायचे कुठे?

तेवढ्यात धाकटीने मनगटाने नाक पुसले.

"थांबा," ती म्हणाली. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही म्हणालात छान चाललंय. हसून म्हणालात."

"हो."

धाकटीचा चेहरा बदलला. इतक्या दिवसांची गोडी त्यावरून रंग उडावा तशी उडाली. "लबाड आहात तुम्ही. एक नंबरच्या लबाड. मी तुमचे धागे तोडतेय, तुमच्या उशाशी पाणी ठेवतेय, आणि तुम्ही माझ्या पायाखाली खड्डा खणताय?"

"अगं, ती आजारी आहे," थोरलीचा नवरा मध्ये पडला.

"आजारी नाहीत त्या, दादा. दुष्ट आहेत. मला फरक कळतो."

कोंदट खोलीची खिडकी उघडावी तसा थोरलीला वारा लागला. कोणीतरी तिला दुष्ट म्हणाले होते. तिची पाठ ताठ झाली, आणि अनेक महिन्यांनी तिला भांडायला जोडीदार मिळाला.

"आणि तू गं? माझी कात्री उचललीस, एका शब्दानं विचारलंस मला? एकदा तरी म्हणालीस, ताई, घेऊ का?"

"मला काय हौस होती? दिवसभर उभी राहून माझ्या पिंढऱ्या फुटतात. चूक झाली की ही अशी बोलणी. आणि तुम्ही? तुम्हाला सगळं माफ. तुम्ही ताट सरकवलंत तर तुमच्या तोंडाला चव नसते. मी सरकवलं तर मला माज आलेला असतो. तुम्ही झोपलात तर विश्रांती, मी झोपले तर आळस. खरं सांगू? कधीकधी वाटतं, मलाही एकदा व्हावं काहीतरी, म्हणजे या घरात मला कोणी बस म्हणेल."

हे ऐकून थोरली चाट पडली. जिच्यावर ती जळत होती तीच तिच्यावर जळत होती. एकीला दुसरीची कात्री हवी होती, दुसरीला पहिलीचे स्टूल.

"घे माझं स्टूल," ती म्हणाली. "त्याची एक तंगडी आखूड आहे, आधीच सांगते. दिवसभर डुगडुगायचं."

"ठेवा तुमच्याकडंच."

समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली होती. बायकोला म्हणाला, "बिचारी आज जोरात आहे गं." ती म्हणाली, "बिचारी कुठली? चांगली कजाग आहे की."

पडदा वाचवता येत होता. पट्टे सरळच होते. सारे टाके उसवून एकाआड एक पट्टा खालचा वर फिरवला की लव एका दिशेला येणार. पण उसवायचे म्हणजे हाडे मोडणारे काम, आणि मखमलीवर जुन्या टाक्यांचा माग राहू द्यायचा नाही. सगळे धाकटीकडे बघू लागले. तिने उसवायचे बारीक पाते खणातून काढले आणि थोरलीपुढे आदळले.

"सगळा तुम्ही उसवायचा. एकटीनं. मी बोट लावणार नाही."

मास्तर पुढे झाले. "अगं, पातं तिच्या हाती..."

"मग दातांनी उसवू देत का, मामंजी?"

मास्तर थबकले. त्यांनी थोरल्या सुनेकडे पाहिले, आणि फार दिवसांनी तिच्या डोळ्यांकडे न बघता हातांकडे पाहिले. मग बाजूला झाले.

थोरलीने पडदा उसवला. मान मोडून आली, बोटांची टोके सोलली गेली. धाकटीने अबोला धरला. सज्जनहो, आजारातून आल्यापासून तिच्यावर कोणी अबोला धरला नव्हता. अबोला धरायला समोर माणूस असावा लागतो. धाकटी बोलत नसे, पण येऊन शिवणीवरून नख फिरवी, आणि जिथे धागा राहिला असेल तिथे खडूची भली मोठी फुली मारून जाई. थोरली त्या फुल्या बघून दात खाई आणि पुन्हा पाते घेई.

पडदा पुन्हा उभा राहिला, एकसारखा लाल. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "आता कसा पडद्यासारखा दिसतोय."

त्यानंतर थोरलीने मास्तरांपाशी कात्री मागितली नाही, काम मागितले. मास्तरांनी मोठ्या कात्रीच्या आधीची, कपाटात पडलेली आपली जुनी कात्री दिली आणि एका कोटाची पाठ बेतायला सांगितली. तिने बेतली. धाकटी मेजाच्या दुसऱ्या टोकाशी उभी राहून, न बघितल्यासारखे करत बघत होती. मास्तरांनी तुकडा उचलला, खिडकीशी नेला, दोन बोटांनी कडा चाचपली.

"वाईट झालंय," ते म्हणाले. "हात आखडलाय तुझा. मानेपाशी कात्री अडखळलीय. हे चालणार नाही. परत कर."

नवरा मशीन थांबवून घाबरून बघत होता. थोरलीचे डोळे भरून आले, कारण शब्द झोंबले होते; आणि तिने दुसरा तुकडा पसरला, कारण ते तिला उद्देशून होते. धाकटीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आले. ते थोरलीने पाहिले, आणि पुन्हा तिचा जीव जळला, चांगला कडकडीत.

हे दयाघना, या थोरलीला झोप दे, औषधाला गुण दे, आणि तिच्या मनात पुन्हा ते शब्द येऊ देऊ नकोस. तिच्या हाताला जोर दे, आणि नाहीच जमले तर नाही जमले म्हणणारी माणसे तिच्याभोवती ठेव. धाकटीला दुखणे न येता विसावा दे. मास्तरांच्या नजरेला उजेड दे, नवऱ्याची भीती निववून टाक. या घरात माया राहो, आणि मायेच्या जोडीला हेवे राहोत, रुसवे राहोत, वाद राहोत. पण ज्याचे जे असेल ते त्याच्या नावाने ओळखले जावो. आणि या घरावर तुझा हात राहो, आज आणि सदैव.